तांबोळी मास्तरांचं गणित आणि माझ्या तारखा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या शाळेची स्मरणिका टपालानं आली. गुळगुळीत कागद, पुढे विश्वस्तांचे फोटो, मागे खतांच्या दुकानांच्या जाहिराती. मधे ‘शाळेतल्या वल्ली’ नावाचं एक पान आहे. त्यावर तांबोळी मास्तरांना चार ओळी मिळाल्या आहेत. ‘गणिताचे तांबोळी मास्तर म्हणजे अजब नमुना. पटकीच्या साथीत त्यांनी बीजगणित मांडून तालुक्याचा सोमवारचा बाजार बंद पाडला. बाजार बंद झाला, पटकी मात्र चालूच राहिली!’ शेवटी उद्गारचिन्ह.

लिहिणाऱ्याचा राग करण्यात अर्थ नाही. तो तेव्हा जन्मलाही नसेल. गावात जे ऐकलं ते त्यानं लिहिलं. ही गंमत गावात इतकी वर्षं चालली आणि ती चालू दिली ती मी. त्या कॉलऱ्याच्या साथीत मेलेल्या माणसांच्या तारखा तालुका कचेरीत मी लिहीत होतो. मास्तरांचं गणित चुकलं नव्हतं. माझ्या तारखा खोट्या होत्या. एवढं एक वाक्य सांगायला मला सारा जन्म पुरला नाही, याची चीड आता स्वतःखेरीज कुणावर काढणार? ज्यांची भीती होती ते साहेब गेले, ज्यांची लाज होती ते मास्तरही गेले.

मास्तरांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. ते पुणतांब्याकडचे. वडील आणि थोरले भाऊ हुसेनभाई बाजारात विड्याची पानं विकायचे. घरात बी.ए. झालेले हे एकटेच, तेही गणित घेऊन. त्यामुळे घरचे त्यांच्याकडे थोडं अभिमानानं आणि बरंचसं काळजीनं बघायचे. अंगानं किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा. तो खडू त्यांना कुठंही लागायचा. बोलता बोलता पाराच्या दगडावर, दुकानाच्या फळीवर आकृती काढायचे. एकदा टांग्याच्या मागच्या फळीवर समीकरण लिहायला लागले, तेव्हा टांगेवाला वैतागून म्हणाला, “मास्तर, माज्या घोड्याला वाचता येत न्हाई.”

“घोडा पुढे आहे,” मास्तर म्हणाले. “मागे बसणाऱ्यांसाठी लिहितोय.”

स्वभाव गोड नव्हता, हे आधीच सांगतो. मेल्यावर माणूस गोड करून टाकायची आपल्याकडे खोड आहे. मास्तर चटकन चिडायचे, समोरच्याचं वाक्य मधेच तोडायचे. कुणी म्हणालं, “सगळं गाव तापानं फणफणलंय,” की यांचा प्रश्न ठरलेला. “सगळं म्हणजे किती?” तो माणूस म्हणायचा, “अहो, सगळं म्हणजे सगळं!” मास्तर तिथंच पाठ फिरवायचे. प्रत्येक बोलणं ‘समजा’नं सुरू व्हायचं. समजा एका घरात एक आजारी आहे. समजा त्याच्याकडे रोज चार माणसं येतात. पोरं त्यांना मागून ‘समजा मास्तर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. “म्हणू देत,” म्हणायचे, “निदान शब्द तरी बरोबर उचललाय.”

मात्र एका बाबतीत ते पक्के होते. अंदाज चुकला तर चालेल, पण तो किती चुकू शकतो हे आधी सांगितलं पाहिजे. पोरानं उत्तर लिहून खाली ‘दोनतीन इकडेतिकडे’ असं लिहिलं तर ते अर्धे गुण द्यायचे. नुसतं बरोबर उत्तर लिहिणाऱ्याकडे मात्र संशयानं बघायचे.

आमच्या कचेरीची भिंत शाळेच्या पटांगणाला लागून होती. एका हिवाळ्यात शाळेत गोवर आला. एक दिवस दुपारी बाहेर गलका झाला म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर मास्तरांनी वर्ग मैदानात मोकळा सोडला होता. एका पोराच्या तळव्याला खडूची पूड फासलेली. शिट्टी वाजली की प्रत्येकानं कुणाही एकाचा हात हातात घ्यायचा. ज्याच्या हाताला खडू लागेल तो ‘आजारी’. आजारी पोरानं दोन शिट्ट्या खेळायचं, मग कडेला जाऊन बसायचं. आधी दोन पोरं पांढरी झाली, मग चार, मग एकदम मैदानभर आरडाओरडा. आणि मग, कुणी काही न करता, तो प्रकार आपोआप ओसरला. पाचसहा पोरं कोऱ्या हातांनी मधे उभी राहिली.

“ही पाच का वाचली?” मास्तर ओरडले.

“नशीब, सर!”

“नशीब घरी ठेवून या. का वाचली?”

कुणीतरी चाचरत म्हणालं, “त्यांना खडूवालं कुणी गावलंच न्हाई, सर.”

“बस खाली. याला कळलं.” मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, “साथ थांबायला सगळी माणसं आजारी पडावी लागत नाहीत. आजाऱ्याला पुढचा माणूस गाठता आला नाही की साथ थांबते. कितीजणांना आणि कुठे अडवायचं, एवढंच गणित आहे.”

त्यानंतर त्यांनी रोजच्या हजेरीपटावरून पुढच्या बुधवारी किती पोरं गैरहजर राहतील आणि कधीपासून आकडा उतरेल, ते शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवलं. खाली ‘तीनचार इकडेतिकडे’. बुधवारी दोनाचा फरक पडला. आमच्या मामलेदारसाहेबांचा मुलगा त्याच वर्गात होता. त्यानं घरी जाऊन हे सांगितलं, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

ते दुसऱ्या लढाईचे दिवस. रॉकेल नाही, कागद नाही, पटकीची लस तर कुठंच पुरत नव्हती. उन्हाळ्यात आमच्या भागात पटकी उठली. पाटाच्या एका चारीवर, म्हणजे फाट्यावर, ओळीनं तीन गावं. त्यांची नावं देत नाही, तिथं अजून त्यांची नातवंडं राहतात. वरचं, मधलं आणि शेवटचं गाव म्हणतो. चारीला पाणी पाळीनं सुटायचं, आधी वरच्या गावाला, मग मधल्या, मग शेवटच्या. उन्हाळ्यात आड आटले की माणसं तेच पाणी प्यायची. धुणं त्यातच, गुरं त्यातच.

मामलेदारसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. “पाण्यात टाकायची लाल दवा घेऊन फिरणारी माणसं माझ्याकडे चार. विहिरी शेकडो. तुमचं गणित काय म्हणतं, यांना कुठे पाठवू?”

मास्तर दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की कचेरीत माझ्या मेजापाशी येऊन बसू लागले. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते रेघा आखायचे, आणि मी रजिस्टरमधून गावनिहाय मयतांच्या तारखा वाचून दाखवायचो.

त्या तारखा कशा यायच्या ते सांगायला हवं. नियमाप्रमाणे गावच्या पोलीस पाटलानं प्रत्येक मृत्यूची वर्दी त्या त्या दिवशी तालुक्याला द्यायची. पण उन्हातान्हाचं कोण येतो? पाटील यायचे सोमवारी, बाजाराला. बैल झाडाखाली सोडायचे, मीठमिरची घ्यायचे आणि जाता जाता कचेरीच्या पायरीवर उभं राहून सांगायचे. शेवटच्या गावचे बापू पाटील तर आतही यायचे नाहीत. खिडकीतूनच म्हणायचे, “निकमसायेब, आमचं तीन लिवा. दोन बाया, एक गडी.”

मी लिहायचो. नोकरीत नवा होतो तेव्हा एकदा मी असे तिन्ही मयत सोमवारच्याच तारखेला टाकले होते. आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “अरे, सगळे एका दिवशी घालू नकोस. वरून शेरा येतो. एक शनिवारी घाल, एक रविवारी, एक सोमवारी. कागद बघायला बरा दिसला पाहिजे.” तेव्हापासून मी तसंच करत होतो. मोठी लबाडी करतोय असं वाटलंच नाही. भाऊसाहेबही त्यांच्या साहेबाकडून हेच शिकले असणार.

मास्तरांचा पहिला अंदाज पाटाचा होता. “समजा,” ते म्हणाले, “वरच्या गावात कपडे धुतले गेले. पाणी मधल्या गावात पोचायला इतके दिवस. मग तिथं माणसं पडणार. मग शेवटच्या गावात. रोग पाण्याच्या वेगानं खाली सरकला पाहिजे. बघू या.” त्यांचे डोळे असे चमकत होते की मलाही हुरूप आला.

पण तारखा तसं बोलेनात. मधल्या गावचा पाटील भाच्याच्या लग्नात अडकून एका सोमवारी आलाच नव्हता. त्याच्या गावचे दोन आठवड्यांचे मयत पुढच्या सोमवारी एकदम आले आणि मी ते शनिवार-रविवार-सोमवारवर पसरून टाकले. कागदावर रोग वरच्या गावातून उडी मारून शेवटच्या गावात गेला आणि मग मागे फिरून मधल्या गावात आला.

मास्तर तीन दिवस त्या रेघांकडे बघत बसले. मग पेन्सिल टाकून म्हणाले, “पाणी उलटं वाहत नाही, निकम. माझी कल्पना चूक आहे.”

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मला माहीत होतं की मधल्या गावच्या तारखा माझ्या आहेत. मी दौत पुसत बसलो.

दोन दिवसांनी ते धावतच आले. “अहो, मृत्यू कधी होतात बघा! शनिवार, रविवार, सोमवार. तिन्ही गावांत तेच. समजा सोमवारी बाजारात बाधा झाली. दोनतीन दिवस अंगात मुरली. दोन दिवस आजार. शनिवारी मृत्यू! बाजारच आहे तो!” मग एकदम थांबले. माझ्याकडे सरळ बघून विचारलं, “तारखा खऱ्या आहेत ना?”

“हो, मास्तर,” मी म्हणालो.

एवढंच. हे दोन शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात माझ्या मनात सगळं येऊन गेलं. वरचा शेरा, भाऊसाहेबांचं तोंड, घरी आजारी आई, तिच्या औषधाला लागणारा माझा पगार. माणूस अशा वेळी फार वेगानं विचार करतो आणि नेमका चुकीचा करतो.

बाजार बंदीचा हुकूम निघाला. पहिल्या सोमवारी वेशीपाशी शिपाई उभे राहिले. भाजीवाल्या बायकांनी शाळेसमोर येऊन मास्तरांच्या नावानं बोटं मोडली. हुसेनभाई पानांची टोपली घेऊन थेट मास्तरांच्या वर्गाच्या दारात आले. मी कचेरीच्या ओट्यावरून ऐकत होतो.

“शिकीवला तो ह्यासाठी व्हय रे? ही पानं बघ. उद्या सडत्याल. पानांना काय सांगू, समजा तुमी ताजी हायसा?”

“भाई, दोन बाजार. फक्त दोन. माणसं वाचतील.”

“किती वाचत्याल?”

मास्तरांनी आकडा सांगितला आणि सवयीनं पुढे म्हणाले, “चारपाच इकडेतिकडे.”

हुसेनभाई हसले. “ती चारपाच आमच्या घरातली नसू दे म्हंजे झालं.” टोपली उचलून गेले. त्यानंतर भावांचं बोलणं कित्येक महिने बंद होतं.

आता खरी गोष्ट ऐका. बाजार बंद झाला आणि रजिस्टर कोरं राहिलं. पहिल्या आठवड्यात एकाही गावातून एकही मयत नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मामलेदारसाहेब खूश झाले, वर खलिता गेला. मास्तरांचा तर पाय जमिनीवर नव्हता. माझ्या मेजावर थाप मारून म्हणाले, “अडवलं की नाही, निकम? पुढचा माणूस गाठूच दिला नाही!” साहेबांनी लाल दवा घेऊन फिरणारी माणसं त्या चारीवरून काढून नदीपलीकडच्या गावांना पाठवली. इथली साथ संपली, असं ठरलं.

रजिस्टर का कोरं आहे, हे त्या कचेरीत भाऊसाहेबांना आणि मला पक्कं माहीत होतं. बाजार नाही म्हणून पाटील आले नव्हते. भाऊसाहेब शांतपणे पान लावत म्हणाले, “आपण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आपल्या अंगावर काही येत नाही.”

त्या दोन आठवड्यांत पाटाला दुसरी पाळी सुटली होती.

तिसऱ्या सोमवारी बाजार उघडला. दहाच्या सुमारास बापू पाटील आले. या वेळी खिडकीपाशी थांबले नाहीत, आत आले. डोक्याला मुंडासं नव्हतं. मामलेदारसाहेब आणि मास्तर आतच बसले होते.

“शेवटच्या गावचं लिवा,” बापू पाटील म्हणाले. “नऊ.”

“नऊ?” साहेब उठून उभे राहिले. “एका आठवड्यात?”

“न्हाई. दोन बाजार न्हवते, मंग आलो न्हाई.” मग जमिनीकडे बघत म्हणाले, “त्यात आमची हौसा हाय.”

हौसा म्हणजे त्यांची बायको. लाल दवा त्या गावात पोचली असती तर ती वाचली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण ती दवा तिथून माझ्या कोऱ्या पानामुळे गेली, हे सांगू शकतो.

मास्तर पांढरे पडले होते. त्यांनी पाटलांना विचारलं, “कोणत्या दिवशी? प्रत्येकाचा दिवस सांगा.” पाटील त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू समोर बसलेला माणूस वेडा आहे. मग मास्तर माझ्याकडे वळले. “निकम, रजिस्टरातल्या तारखा खऱ्या होत्या ना?”

साहेब, पाटील, भाऊसाहेब, सगळे माझ्याकडे बघत होते.

“पाटील सांगतात तशा लिहितो,” मी म्हणालो.

ज्याची बायको जाऊन आठ दिवस झाले होते, त्या माणसावर मी ते ढकललं. बापू पाटलांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्यांना वाद घालायचं त्राणच नव्हतं. मास्तरांनी मेजावरचे आपले कागद एकेक करून गोळा केले आणि निघून गेले.

गावानं पुढे त्यांना सोडलं नाही. पोरं फळ्यावर बाजाराचं चित्र काढून ठेवायची. तंबाखूच्या दुकानातून हाक यायची, “मास्तर, आज बाजार भरवू का, गणित मांडून सांगा!” वर्षअखेर शाळेच्या मंडळानं त्यांना दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. ज्या माणसानं सगळ्या गावाला अंदाजाबरोबर चूकही सांगायला शिकवलं, त्याच्या कपाळावर दुसऱ्याची चूक चिकटली.

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं असेल, माझी बदली पाथर्डीला झाली. पहिल्याच आठवड्यात रस्त्यात मास्तर समोर. तिथल्या शाळेत लागले होते. टोपी तीच, खडू तसाच. मला बघून म्हणाले, “निकम ना? या, चहा घ्या.” माझ्यानं राहवलं नाही. हॉटेलात चहा पुढ्यात येण्याआधीच सगळं बोलून टाकलं. शनिवार-रविवारची वाटणी, मधल्या गावचा चुकलेला सोमवार, कोरं रजिस्टर. बोलता बोलता मी रडलोही. मला वाटलं, आता हे एक तर शिव्या देतील, नाही तर खांद्यावर हात ठेवतील.

“तुमचं ‘हो, मास्तर’ फार लवकर आलं होतं,” ते रुक्षपणे म्हणाले. “शंका तेव्हाच यायला हवी होती. ती माझी चूक.” मग बशीतला चहा तसाच ठेवून, “बरं. खऱ्या तारखा सांगा.”

“खऱ्या?”

“माफी घेऊन मी काय करू? तारखा द्या. पाण्याचं गणित पुन्हा मांडतो.”

माझ्याकडे एकही नव्हती. खऱ्या तारखा कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. हे ऐकल्यावर मात्र ते भडकले. हॉटेलातली माणसं वळून बघू लागली. “म्हणजे माणसं मेली आणि त्यांचा दिवसही राहिला नाही? कसली कचेरी चालवत होता तुम्ही?” चहाचे पैसे टाकून ते चालू लागले. वर्षभर रस्त्यात दिसले तरी बोलले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात त्यांचं कार्ड आलं. ‘सुटीत शेवटच्या गावी जातो आहे. मयतांची नावं तुम्हाला माहीत आहेत. गुरुवारी या.’ ना नमस्कार, ना खुशाली.

मी पुणतांब्याला गाडीतून उतरलो आणि बैलगाडीनं त्या गावी पोचलो, तेव्हा मास्तर बापू पाटलांच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर पाटबंधारे खात्यातून मिळवलेला कागद. त्या उन्हाळ्यात कोणत्या दिवशी कोणत्या गावाला पाणी सुटलं, ते त्यावर होतं. बापू पाटील मला बघून उठले नाहीत.

“तुमच्या घरातल्यांना कधी देवाज्ञा झाली?” मास्तरांनी अदबीनं विचारलं.

“पाटाला पानी आलं, त्याच्या चौथ्या दिशी,” बापू पाटील म्हणाले. “सकाळच्या पारी.”

मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं, दिवस मोजले, लिहिलं. मग दुसरं घर, तिसरं घर. कुणीही वार सांगितला नाही. कुणीही तारीख सांगितली नाही. प्रत्येकानं पाणीच सांगितलं. पानी आल्याच्या तिसऱ्या दिशी. पानी आटलं त्याच्या आदल्या दिशी. सात घरं झाली तोवर कागदावर जे उमटत होतं ते मलाही वाचता येत होतं. वरच्या आणि मधल्या गावात ते आदल्या दोन दिवसांत जाऊन आले होते. रोग पाण्याबरोबर खाली सरकला होता, त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं तसाच.

मी बापू पाटलांना म्हणालो, “पाटील, हे तेव्हाच सांगायचंत.”

ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. “तवा दिस कुनी इचारला, निकमसायेब? किती गेलं येवढंच इचारायचे तुमी.”

मास्तरांनी मला बाजूला, बाभळीच्या सावलीत नेलं. खिशातून घडी केलेला कागद काढला. स्वच्छ अक्षरात चार ओळी. त्या साथीतल्या मृत्यूंच्या रजिस्टरातल्या तारखा माझ्या हातानं अंदाजानं टाकलेल्या आहेत, प्रत्यक्ष मृत्यूच्या नाहीत. खाली माझं नाव.

“सही करा,” ते म्हणाले. “हा तक्ता मी आरोग्य खात्याकडे पाठवणार. पण तिथं ते सरकारी रजिस्टर उघडतील आणि म्हणतील, तांबोळी, तुमच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी एकीकडे आणि सरकारी कागद दुसरीकडे. तो कागद खोटा आहे हे ज्यानं लिहिला त्यानंच सांगितलं पाहिजे. पाण्याची पाळी सुटण्याआधी दवा टाकायची, एवढी एक गोष्ट त्यांना पटली तर दर उन्हाळ्यात माणसं वाचतील.”

“मास्तर,” मी म्हणालो, “यंदा माझी बढती आहे. थोडा विचार करतो.”

त्यांनी वाद घातला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. कागदाची घडी केली, पुन्हा खिशात घातली. तो तक्ता त्यांनी माझ्या सहीशिवाय पाठवला असणार. उत्तर आलं की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. बढती मिळाली.

त्या दिवशी मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. बैलगाडी जुंपून तयार होती. मास्तर तोवर आठव्या घरी पोचले होते. ओटा नव्हता, म्हणून दाराशी जमिनीवरच मांडी घालून बसले होते. समोर उंबऱ्यावर एक बाई. तिचा सहा वर्षांचा मुलगा त्या साथीत गेला होता.

“पानी आलं त्याच्या दुसऱ्या दिशी हगवन लागली,” ती सांगत होती. मास्तर लिहीत होते. “तिसऱ्या दिशी लई तहान लागली त्याला. सारखं पानी मागायचं. मी चारीवरून कळशी भरून आनायचे, आन् पाजायचे. मागंल तवा पाजायचे. तेच पानी.”

मास्तरांची पेन्सिल थांबली. बाई पुढे बोलतच होती. त्यांनी वही मिटून जमिनीवर ठेवली, टोपी काढली आणि काही न लिहिता तिचं ऐकत बसले. गाडीवानानं बैलांना हाक घातली आणि आम्ही वळणावरून पुढे गेलो.